अर्धा बांध

फान शूहान तिंगपो गावात राहायला आली तेव्हा गावाने तिला पहिला प्रश्न विचारला, "लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर दुसरा, "मग इथं कशाला आलीस?"

"भात लावायला," ती म्हणाली.

तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही. देवळापुढे चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कांद्याच्या पातीचं यंदा काय होणार याकडे ते वळले.

शूहान तेहतीस वर्षांची होती. तैपेईला लागून असलेल्या पानच्याओत एका लॅबमध्ये ती दात बनवायची. डॉक्टर तोंडात बसवतात ते दात, त्या कवळ्या, आधी कुणीतरी टेबलापाशी बसून घडवाव्या लागतात. कितीतरी वर्षं ती तेच करत होती. माणसं तिला जबड्यावरून माहीत, चेहऱ्यावरून नाहीत. एका वसंतात मैत्रिणीच्या आग्रहाने ती शहरी लोकांसाठी काढलेल्या भातलावणीच्या सहलीला यीलानला आली. चिखलात उभं राहून तिने दोन ओळी लावल्या, त्याही वाकड्या. परतीच्या बसमध्ये तिला अशी झोप लागली की बस डेपोत गेली, झाडून झाली, तरी ती उठली नाही. अशी झोप तिला कॉलेजपासून लागली नव्हती. पानं गळायच्या सुमाराला तिने नोकरी सोडली आणि यीलानातलं तिंगपो गाठायचं ठरवलं.

"झोपच हवी होती तर गोळ्या घ्यायच्यास," तिची आई म्हणाली. "त्यासाठी शेत कशाला?"

शूहान जमीन शोधायला लागली.

जमीन मिळेना. डोंगरातून बोगदा निघाल्यापासून तैपेईची माणसं यीलानात यायची ती शेत विकत घेऊन त्यात बंगला बांधायला. शेतात भातच लावते म्हणणारं माणूस काहीतरी लपवतंय, असा लोकांचा समज. शेवटी किमसाईकाकांनी होकार दिला. किमसाई म्हणजे सोन्याचा सिंह. हा सिंह सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यांतून गेलेला, आणि सगळी शेती आता झेपत नाही हे बायकोला कळलेलं नाही अशा समजुतीत होता. त्यांनी खालचं पाऊण एकर तिला खंडाने दिलं. अट एकच घातली.

"शेत शेतासारखं दिसलं पाहिजे."

"हो काका," शूहान म्हणाली.

दोघांनाही वाटलं, ठरलं.

शूहानने ठरवलं होतं की औषध म्हणून मारायचं नाही: ना तणाला, ना किडीला. लावणी झाली आणि पाण्यातल्या गोगलगायींनी कोवळी रोपं बुडातून कातरून टाकली. पाणी ठेवलं तर गोगलगायी रोपं खातात. पाणी काढलं तर त्या चिखलात गप पडतात, पण मग तण उठतं. शूहानने पाणी काढलं. गोगलगायी पडल्या आणि तण उठलं. रोज सकाळी ती बादली घेऊन उतरायची, गोगलगायी वेचायची, काठावर चिकटलेले त्यांच्या अंड्यांचे गुलाबी घोस खरवडायची, मग तण उपटायची. रात्री झोप मात्र उत्तम लागायची.

शेताच्या आत काय चाललंय ते गावाने एकवेळ चालवून घेतलं असतं. बांधाचं चालेना. तिच्या बांधावर गवत गुडघ्याला आलं. अधूनमधून ती ते यंत्राने कापायची, पण मुळं राहू द्यायची. मुळं माती धरून ठेवतात, गवतात बेडूक आणि कोळी राहतात, ते कीड खातात, असं ती शिकून आली होती. तिंगपोत मात्र बांधावर गवत दिसलं की घरात मयत झालंय, नाहीतर घरधनी जुगाराला लागलाय, एवढे दोनच अर्थ होते. तिचा आणि काकांचा बांध एकच. त्यामुळे रोज संध्याकाळी देवळापुढे विचारणा काकांकडे होऊ लागली.

"काय सिंहराव, बांधावर म्हैस सोडताय का?"

"पोरगी आजारी आहे का हो?"

"पोरगी बरी आहे," किमसाईकाका म्हणायचे. "शिकलेली आहे."

"अरेरे," लोक म्हणायचे.

मामेबहिणीच्या लग्नासाठी शूहान पानच्याओला गेली. परत आली तो बांध तंबाखूच्या पानासारखा पिवळा पडला होता. किमसाईकाका पाठीवरचा पंप धुऊन, पालथा घालून, हात मागे बांधून तिची वाट बघत उभे होते.

"खाल्लंस का?" त्यांनी विचारलं.

"खाल्लं, काका."

"कसा दिसतोय? न्हाव्याकडून आल्यासारखा की नाही? चांगलं भारीतलं मारलंय. मुळासकट जातं."

शूहानने बांधाकडे पाहिलं. मग काकांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. दोन्हींना पट्टे बांधलेले होते. भरलेला पंप पाठीवर घेऊन हा माणूस चिखलातून फिरला होता.

"तुम्हाला त्रास झाला, काका."

"त्रास कसला. शेजारी मग कशाला असतात?"

घरी जाऊन ती भांडी घासत बसली. घासून झाली तेव्हा तीच परत घासली. ज्या घरांना औषध न मारलेला तांदूळ कबूल केला होता, त्यांना तिने खरं ते कळवलं: बांधाला औषध लागलं आहे, शेजाऱ्यांनी मारलं, चांगल्या मनाने मारलं, बांधालगतच्या ओळी वेगळ्या कापीन, त्या तुम्हाला येणार नाहीत. काहींनी नाव मागे घेतलं. एका बाईंनी उत्तर पाठवलं की माझे सासरेही असेच आहेत, तांदूळ पाठवा.

काकांना तोंडावर सांगायचा धीर होईना, म्हणून तिने पाटी केली. फळीवर तांबड्या रंगात 'येथे औषध मारू नये' असं लिहून ती बांधावर रोवली. पाटीभोवती गवत वाढलं. मग एके सकाळी पाटीभोवतीचं तेवढं गवत, सुपाएवढ्या गोलात, पुन्हा पिवळं पडलेलं दिसलं.

"पाटी झाकत चालली होती," काका म्हणाले. "लोकांना वाचता तर आली पाहिजे."

"काका, ती पाटी तुमच्यासाठी आहे."

किमसाईकाकांनी पाटी नव्याने वाचली. सावकाश वाचली.

"म्हणजे मी जन्मभर शेतात विष ओतलं, आणि तेच पोरांना खायला घातलं, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतेस?"

काका निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी तिला 'खाल्लंस का' विचारणं बंद केलं. तिंगपोत चोरालासुद्धा खाल्लंस का विचारतात. काका रस्त्यात भेटले तर तिच्या स्कूटरकडे बघून मान हलवायचे, तिच्याकडे बघून नाही.

प्रकरण त्यांनी भूमिदेवाकडे नेलं. शेताच्या कोपऱ्यावर त्याची देवळी आहे. एका बाजूने सपाट असे लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा एक पालथा पडला तर देव हो म्हणतो, दोन्ही पालथे पडले तर नाही म्हणतो, आणि दोन्ही उताणे पडले तर हसतो. "बांधाला औषध मारावं ना?" काकांनी विचारलं. देव हसला. "बांध स्वच्छ असावा ना?" देव हसला. तिसऱ्यांदा विचारायच्या आत बायकोने तुकडे काढून घेतले.

"त्याला दुसरी कामं आहेत," ती म्हणाली.

या काकूंचं नाव बोंगछी. म्हणजे 'असू दे, पोसू कशीबशी'. मुलींवर मुली झाल्या की ठेवायचं नाव, नकुशीच्या जातीचं. ज्यांनी नाव ठेवलं त्या आईबापांना म्हातारपणी यांनीच पोसलं, आणि त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. बाकी सगळ्याबद्दल बोलायच्या.

थोड्याच दिवसांत सुका माकूळ मासा चावताना काकांची खालची कवळी मोडली. डॉक्टर म्हणाले, नवी करा. काकांना नवी नको होती. जुनी सैल होती पण ओळखीची होती. ते घरी येऊन पेज पीत बसले. बोंगछीकाकू दोन तुकडे रुमालात बांधून शूहानकडे आल्या.

"तू दातांचं करायचीस ना?"

"करायचे. पण डॉक्टरशिवाय हे करायचं नसतं, काकू."

"डॉक्टर करतो म्हणाला असता तर मी आले असते का? पेज पिऊन पिऊन त्यांचा स्वभाव बिघडलाय. आधीच काय होता तो!"

शूहानने पलंगाखालची जुन्या अवजारांची पेटी ओढली. तुकडे जोडून घासून गुळगुळीत करायला दुपार गेली. पण हिरड्या झिजल्यात, जोडली तरी कवळी सैलच बसणार, हे तिला आतली बाजू पाहूनच कळलं. आतून लेप देऊन ती तोंडात दाबून बसवावी लागणार होती. म्हणजे तोंड हवं होतं.

तोंड दुसऱ्या दिवशी आलं. ओसरीत खुर्चीवर बसलं आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागलं. शूहानने लेप कालवला, कवळी बसवली.

"दात घट्ट मिटा. लेप धरेपर्यंत बोलायचं नाही. बोललात तर वाकडी बसेल, मग जन्मभर वाकडी."

काकांनी दात मिटले. शूहान स्टुलावर त्यांच्यासमोर बसली. अशी संधी परत यायची नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

"काका, तुम्ही विष घातलंत असं मी म्हटलं नाही. तुमच्या वेळेला गावातली सगळी तरणी माणसं कारखान्यांत गेली. औषध नसतं तर काकूंनी एकटीने किती तण उपटलं असतं? मला कळतं ते. पण औषध मारून शेती करायची तर तुमच्याइतकी चांगली मला कधीच जमणार नाही. मला दुसरं करून बघायचंय. फसेलही. पण फसायचं तर माझ्या चुकीने फसू दे, तुमच्या मदतीने नको."

काकांच्या घशातून आवाज आला.

"हलू नका. आणि बांधामुळे देवळापुढे तुम्हाला ऐकून घ्यावं लागतं, तेही मला माहीत आहे. त्याचं वाईट वाटतं मला. पण पंप घेऊन चिखलात उतरू नका. पडलात तर काकूंना मी काय तोंड दाखवू?"

एवढं बोलून तिचं बोलणं संपलं. लेप अजून ओलाच होता. बोंगछीकाकू दारात लसूण सोलत बसल्या होत्या.

"झालं तुझं?" त्यांनी विचारलं. "मग माझंही थोडं आहे."

त्यांचं लग्नापासूनचं होतं. लेप धरला, सुकला, दगड झाला, तरी त्या सासूच्या आजारपणापर्यंतच आल्या होत्या.

शेवटी शूहानने कवळी काढून, कडा घासून परत बसवली. काकांनी जबडा वरखाली केला, डावीउजवीकडे केला. घट्ट होती.

"झालं दोघींचं?"

"झालं," शूहान म्हणाली.

"बांध दोघांचा आहे. मधोमध वाटून घ्यायचा. माझी बाजू माझी, तुझी तुझी." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "खाल्लंस का?"

पुढच्या हंगामात तिंगपोत भांग पाडलेला बांध बघायला लोक स्कूटरी थांबवत. तिच्या बाजूला हिरवंगार गवत, त्यांच्या बाजूला कोरडी माती, मधे सुतळी धरल्यासारखी सरळ रेघ. वारा नसलेली सकाळ बघून काका एका हाताने पत्रा आडवा धरायचे आणि दुसऱ्या हाताने औषध मारायचे. शेतकरी संघाच्या साहेबांनी फोटो काढला आणि तो कुणाला दाखवावा हे न कळून ठेवून दिला. वादळी पावसात काकांची बाजू ढासळली. तिच्या बाजूला उंदरांनी बिळं केली होती, तिथून पाणी गेलं. दोघांनी मिळून बांध परत घातला. भात काकांना झालं त्याच्या निम्म्याहून थोडं अधिक तिला झालं. ती खूश होती. काका तिची समजूत घालायला आले, आणि ती खूशच आहे हे पाहून काळजीत पडले.

हळूहळू बोगद्यापलीकडून आणखी पोरं येऊ लागली. किमसाई जमीन देतो, अशी त्यांच्यात बोलवा झाली होती. काका त्यांना ओसरीत बसवून चौकशी करायचे. गावाला वायरमन हवा होता.

"आधी काय करायचास?"

"तत्त्वज्ञान शिकत होतो."

"मोटर बसवता येते?"

"नाही."

त्याला त्यांनी दगडगोट्यांचा तुकडा दिला. पुढे तो बऱ्यापैकी भोपळे काढू लागला, आणि मोटरही बसवू लागला.

मग एका रविवारी काकांच्या थोरल्या मुलाचा फोन आला. छिंगहुई सिंचू शहरात कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात साहेब होता, पंचेचाळिशी उलटलेला.

"बाबा, मी परत येऊन शेती करावी म्हणतो."

"तुला काढलं का कुणी?"

"नाही."

"बायकोशी भांडलास?"

"नाही. तीही येणार आहे."

काकांनी फोन ठेवला आणि ते शूहानच्या शेताच्या कडेला जाऊन उभे राहिले. ती वर येईपर्यंत थांबले.

"पोरगा शेती करतो म्हणतोय," ते म्हणाले. "एक हंगाम हाताखाली घेशील?"

"तुमच्याच हाताखाली राहू दे ना, काका. मुलगा आहे तुमचा."

"म्हणूनच. मी ओरडणार, तो परत जाणार, आणि त्याची आई मला जेवायला घालणार नाही."

शूहानने जरा विचार केला. "औषध नाही मारायचं हं."

"ते तुम्ही दोघं बघा. मला काय विचारतेस?"

लावणीच्या दिवशी छिंगहुई नवे बूट, नवे हातमोजे आणि मानेवर पदर सोडलेली नवी टोपी घालून आला. शूहानने त्याच्या हातात रोपांचा ट्रे दिला आणि लावणीच्या यंत्राकडून सुटलेले कोपरे दाखवले. पहिल्याच पावलाला त्याचा एक बूट चिखलात राहिला. तो काढायला वाकला तसा दुसराही राहिला.

काका रस्त्यावर स्कूटर चालूच ठेवून बघत होते. शेजारच्या वाडीतला एकजण जाता जाता थांबला.

"हा कोण नवीन?"

"शहरातला दिसतोय कुणीतरी," किमसाईकाका म्हणाले, आणि त्यांनी स्कूटर पुढे काढली.