पाचव्या शीलापाशी

आमच्या दादाच्या नाकाला सरकार पगार देतं, असं मी सगळ्यांना सांगते. त्याला ते आवडत नाही. पण खोटं काय आहे त्यात? डॉ. चेतन रणपिसे, वासांचे रसायनशास्त्रज्ञ. हळदीला हळदीचा वास का येतो आणि ती जुनी झाली की त्यातलं नेमकं काय उडून जातं, हे शोधण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं. येरवड्यात माझ्या दारात पाऊल टाकल्या टाकल्या सांगणार, "आज आमटीला लसूण जास्त झालाय." मी म्हणते, "आधी चप्पल काढ, मग आमटी काढ."

हा इतका सरळ माणूस की लाल सिग्नलला रस्ता मोकळा असला तरी गाडी थांबवून उभा राहतो. मागचे हॉर्न वाजवतात, हा आपला आरशात बघून हात जोडतो. त्यामुळे त्या रविवारी दुपारी मी जे पाहिलं, ते खरं वाटायलाच मला वेळ लागला.

मी बोंबलाची चटणी द्यायला खराडीला त्याच्या फ्लॅटवर गेले होते. दीपालीवहिनी बाहेर गेली होती, दार नुसतं लोटलेलं. आत स्वयंपाकघरात ओट्यावर काचेचे ग्लास ओळीनं मांडलेले, प्रत्येकात तळाशी थोडं थोडं लाल. आणि दादा सिंकपाशी उभा राहून तोंडात काहीतरी खुळखुळवतोय. मग ते त्यानं स्टीलच्या डब्यात थुंकलं, डोळे मिटले आणि स्वतःशीच म्हणाला, "जांभूळ. पण बीसकट."

मी म्हटलं, "काय रे, पेस्ट संपली का घरातली?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. हातातला ग्लास त्यानं पाठीमागं सरकवला. "थुंकतोय गं, दीक्षा," म्हणाला. "एक थेंब गिळत नाही."

आता दुसऱ्या कुणाच्या घरी ही हसण्यावारी न्यायची गोष्ट झाली असती. शास्त्रज्ञ माणूस, वाईन चाखतो, बरं मग? पण आमच्या घरी ती तशी नव्हती, कारण आमच्या घरी आई आहे.

आमचे वडील, रावसाहेब रणपिसे, हातभट्टीच्या दारूनं गेले. मी तेव्हा पाळण्यात होते आणि दादा नुकता शाळेत जायला लागला होता. त्यानंतर आईनं वस्तीतल्या बायका जमवल्या आणि ज्या भट्टीवर ते प्यायचे, तिथली पिंपं गटारात उलटी केली. भट्टीवाल्याची माणसं अंगावर आली तरी हलली नाही. तेव्हापासून आमच्या विहारात पंचशील देते ती आमची आईच, वस्तीची मुक्ताई. ती एकेक शील म्हणणार, बाकीच्यांनी तिच्यामागून म्हणायचं. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारूला न शिवण्याचं. पाचव्याला तिचा आवाज आपोआप चढतो. सवयीनं नाही, रागानं.

अशा बाईचा हा मुलगा.

"अगं, त्या शीलातला शब्द बघ ना," तो मला समजावायला लागला. "मूळ मुद्दा प्रमादाचा आहे. भान हरपेल असं काही घ्यायचं नाही. माझं भान कुठं हरपतं? उलट मी फारच भानावर असतो."

"मग लपवतोस कशाला?"

डॉक्टरसाहेबांनी सिंकमधला नळ तीनतीनदा पिळून बंद केला.

सुरुवात म्हणे परदेशात झाली, एका परिषदेला गेला होता तिथं. यजमानांनी ग्लास पुढं ठेवला. नाही म्हणणं बरं दिसेना म्हणून यानं नुसता नाकाशी नेला आणि अख्खं जेवण तसाच बसून राहिला. परत आल्यावर पुस्तकं वाचली, नाशिककडचे द्राक्षमळे पालथे घातले. मग इंटरनेटवर एक चॅनेल काढलं. त्याचं नाव 'घोटभर'. त्यात तोंड दाखवत नाही, नाव सांगत नाही. नुसता ग्लास, त्याचे हात आणि त्याचा आवाज. एकेक वाईन घेतो आणि तिच्याबद्दल अस्सल मराठीत बोलतो. उन्हात राहिलेली कैरीची फोड, ओलं गोणपाट, पेरूची साल, चिंच कोळल्यावर बोटांना येतो तो वास. हजारो लोक ऐकतात. मीही ऐकलं, राग यावा म्हणूनच ऐकलं. आणि राग कशाचा आला, तर ते छान होतं याचा.

दादाला मात्र ते थुंकलेलंच गिळलेल्यापेक्षा जास्त चढत होतं. आईला भेटायला यायचं म्हटलं की आधी गुळण्या, मग मूठभर बडीशेप. वाईन चाखून आठवडा उलटलेला असायचा, तरी बडीशेप. विहारात रविवारच्या वंदनेला तो भिंतीला टेकून अगदी मागं बसायचा. पहिल्या चार शीलांना आवाज खणखणीत आणि पाचवं आलं की खोकला. दर रविवारी, नेमका पाचव्यालाच. एकदा मी त्याला म्हटलं, "छातीचा फोटो काढून घे एकदा." तर हसला नाही, खाली बघत चपला शोधत राहिला.

मध्ये त्यानं सोडायचा प्रयत्नही केला. सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि मला फोन करून सांगितलं. पंधरा दिवसांनी ओटा पुन्हा भरलेला. "नाक ऐकत नाही गं," म्हणाला. मला त्याची कीवही आली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली.

मग त्यानं घोटभरवर एक नवा भाग टाकला. कुठल्याशा काळपट लाल वाईनबद्दल बोलता बोलता म्हणाला, "माझे वडील दारू प्यायचे. संध्याकाळी घरी आले की मला उचलून घ्यायचे. माझं तोंड त्यांच्या सदऱ्यात. त्या सदऱ्याला एक वास होता. गोड, उबदार, जरासा आंबूस. वडिलांचं मला तेवढंच आठवतं. तो वास मी इतकी वर्षं शोधतोय. तो आज या ग्लासात सापडला." मग हात बाजूला झाले आणि नुसता ग्लास दिसत राहिला.

त्याला फोन करून चार शिव्या घालाव्यात म्हणून मी नंबर लावला आणि तोडला. मला तर बाबांचा वाससुद्धा आठवत नाही. आमच्या घरात बाबांबद्दल एकच वाक्य होतं, 'तुमचे बाबा दारूनं गेले.' त्यापुढं आई कधी बोलली नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. 'हमाली करायचे' एवढं शेजाऱ्यांकडून कळलेलं, बस्स.

दुसऱ्या दिवशी तोच आला. बसलाही नाही. म्हणाला, "ज्या वासाशी आई जन्मभर भांडली, तो वास मला आवडतो, दीक्षा. नुसता आवडत नाही, मी त्याची जाहिरात करतोय. मी काय माणूस आहे?"

मी चहा टाकला. दुसरं काय करणार?

आणि यातच पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने संपायची आश्विन पौर्णिमा आली. आईचे गुडघे गेलेत, काचबिंदूनं दिसतही नाही फारसं. तिनं जाहीर केलं, "या पौर्णिमेला शील चेतन देईल." विहाराचं सगळं बघणाऱ्या सीतारामकाकांनी लगेच ग्रुपवर टाकून दिलं, नावाआधी डॉ. लावून, खाली हात जोडलेले. वस्तीत सगळ्यांना कोण आनंद. दादा मात्र धावत माझ्याकडे.

"तू दे ना शील."

"मला कुणी सांगितलंय?"

"मग आईला सगळं सांगून टाकू?"

"सांग."

"तिला सहन व्हायचं नाही गं."

"तिला होईल. तुला व्हायचं नाही."

त्यानं सांगितलं नाही. मलाही वाटलं, देईल, खोकेल, वेळ मारून नेईल.

पौर्णिमेला विहार भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मेणबत्त्या. आई पुढच्या रांगेत खुर्चीवर. दादा मूर्तीसमोर अर्धा आमच्याकडे वळून उभा राहिला, हात जोडले आणि सुरू केलं. एकेक शील तो म्हणत होता, मागून शंभर गळे. आवाज काय लागला होता त्याचा! आईची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती. चौथं झालं, मुसावादा, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. सगळे म्हणाले.

आणि दादा थांबला.

आता खोकेल म्हणून मी वाट बघितली. खोकला नाही. नुसता उभा. लोकांना वाटलं, विसरला. आमच्यात शेंबड्या पोराला पाठ असतं ते, आणि हा एवढा शिकलेला माणूस विसरला? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सीतारामकाकांनी पाचव्याची सुरुवात हळूच सुचवली, "सुरामेरय..." मग दोनचार जणांनी मोठ्यानं सांगितलं, "सुरामेरय." दादानं मान हलवली. ठाऊक आहे, अशी. पण ओठ उघडेनात. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायलाही त्यानं जोडलेले हात सोडले नाहीत.

मला तेव्हा जमिनीत शिरावंसं वाटलं.

मग पुढून आईचा आवाज आला. चिरका, पण चढलेला. तिनं खुर्चीतूनच पाचवं शील दिलं. सगळ्यांनी ते म्हटलं. आणि दादा मूर्तीपुढून मागं सरला, आईच्या खुर्चीशेजारी येऊन खाली बसला.

आईच्या घरी आलो. आई कॉटवर, दादा तिच्या पायाशी फरशीवर. मी ओट्यापाशी, पण कान तिकडेच.

"चौथं कुठलं रे?" आईनं विचारलं.

"मुसावादा."

"ते दिलंस आणि गप्प झालास. बरं केलंस. खोकला असतास तर उठून गेले असते मी."

"आई, मला तुला काहीतरी..."

"ठाऊक आहे. घोटभर."

माझ्या हातातली सांडशी तशीच राहिली. आईनं उशीखालून फोन काढला. माझ्या लेकीचा, अपेक्षाचा जुना फोन, आईला प्रवचनं ऐकायला दिलेला. अपेक्षा काय काय ऐकते ते सगळं त्यात तसंच राहिलेलं.

"प्रवचन संपलं की मागोमाग हा बोलायला लागतो," आई म्हणाली. "तोंड लपवलंस, नाव लपवलंस, आवाज लपवायचा राहिला तुझा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून. मला वाईट वाटलं नाही असं नाही. फार वाटलं. पण त्याहून जास्त लागलं ते तू सदऱ्याचं बोललास ते."

दादानं कपाळ तिच्या कॉटच्या कडेला टेकवलं. "चुकलं माझं. पण मला तो वास आवडायचा गं, आई. मी काय करू?"

"तो दारूचा नव्हता."

दादानं मान वर केली.

"पिऊन आलेल्या माणसाला मी उंबऱ्याच्या आत घेत नव्हते," आई म्हणाली. "पिऊन आले की बाहेर नळापाशी पडायचं, हा माझा नियम. तू झोपलेला असायचास तेव्हा. ज्या दिवशी ते आत आले आणि तुला उचललं, त्या दिवशी ते प्यायलेले नव्हते. असेही दिवस होते त्यांचे. थोडे होते, पण होते."

"मग तो वास?"

"गुळाचा. भवानी पेठेत गुळाच्या वखारीत हमाली करायचे. उन्हाळ्यात ढेपा पाझरायच्या, ते सगळं पाठीवरून सदऱ्यात मुरायचं, वर घाम. मी किती धुतले तरी जायचा नाही."

दादा पुटपुटला, "आंबलेला गूळ. भट्टीतही तोच असतो, म्हणून मला..."

"ते तुझं शास्त्र असेल," आई म्हणाली. "माझा नवरा त्या दिवशी न पिता घरी आला होता. आणि एवढी माणसं ऐकतात तुला, त्यांच्यापुढं तू त्याच्या चांगल्या दिवसांना दारू पाजलीस."

दादा रडला. पन्नाशीचा माणूस, तोंडावर हात घेऊन, लहान मुलासारखा. मी चहा बाजूला ठेवला आणि मीही रडले, कारण त्या दिवशी मला पहिल्यांदा बाबांबद्दल दुसरं वाक्य मिळालं होतं.

तोंड पुसून त्यानं विचारलं, "सोडू का मी हे सगळं?"

"ते तुझं तू बघ. शील मी देते म्हणतात, पण घ्यायचं ज्याचं त्यानंच असतं. त्या सदऱ्याला लावलेली दारू मात्र आधी काढ."

पुढच्या रविवारी घोटभरवर नवीन भाग आला. ग्लास नव्हता. टेबलावर बशीत गुळाचा खडा आणि शेजारी दादाचे हात. वडिलांच्या सदऱ्याच्या वासाबद्दल मी चुकीचं बोललो, म्हणाला. ते प्यायलेले नसायचे. तो वास गुळाचा होता, ते गूळ वाहायचे. त्यांची आणि माझ्या आईची मी माफी मागतो. एवढं बोलून संपवलं. त्यानंतर त्यानं काही चाखलं की नाही, मी विचारलेलं नाही. विहारात तो आता मागं बसत नाही, मध्ये बसतो. पाचव्याला खोकत नाही, गप्प राहतो. तेवढा एक वेळ सगळ्या विहारात त्याचा एकट्याचा आवाज नसतो आणि ते नसणं मला ऐकू येतं.

तो भाग आईनं मला लावायला सांगितला. फोन कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकला.

"गूळ म्हणाला ना?" तिनं विचारलं.

"म्हणाला."

"परत लाव."