दसऱ्याला गूळ नाही

शुगरमुळं वडिलांच्या पायाचं बोट कापलं, त्यानंतरचा तो पहिलाच दसरा. मी पुरणपोळीला फाटा देऊन ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि मुगाचं वरण केलं.

"उसाच्या घरात सणाला गूळ न्हाई?" म्हणत वडिलांनी त्याच पायानं ताट लाथाडलं. कढत वरण आईच्या हातावर उडालं. माझं डोकंच फिरलं. मी लाटणं उगारलं.

आई माझ्याआधी उठली. खंडेनवमीला पुजलेला कोयता तिनं उचलला. त्याच्यावर अजून हळदकुंकू होतं. गुळाची ढेप तिनं एका घावात फोडली आणि ढेकूळ त्यांच्यापुढं आदळलं.

"खावा! उरलेली बोटं मीच तोडते. दवाखान्यात कशाला जायचं?"

वडिलांनी पाय पोटाशी घेतला आणि जमिनीवरची भाकरी उचलली.