मागणी वहीतली जांभळी अक्षरं

मी फटकळ आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यात माझ्या तोंडाचा वाटा मोठा आहे. पुंडलिकनगरातल्या एका लहानशा सार्वजनिक वाचनालयात मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेरची वर्तमानपत्रांची आणि आतली कपाटांची. कामाला दोन माणसं, मी आणि आमचा शिपाई. तो माझ्याहून वयानं मोठा आहे आणि माझं काही ऐकत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्याकडं नव्या पुस्तकांचा कार्यक्रम असतो. कार्यक्रम म्हणजे काय, टेबलावर धुतलेली चादर घालायची, महिन्यात आलेली पुस्तकं मांडायची आणि प्रत्येकातलं एक पान कुणीतरी उभं राहून वाचायचं. मग चहा. कधी वीस माणसं येतात, कधी सात. नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी आलं तर चारच. आठ-आठ दिवसांनी येणारं पाणी सोडून कथा-कादंबरी ऐकायला कोण येतंय, आणि त्यांचंही बरोबर आहे.

कोणती पुस्तकं आणायची ते मागणी वहीवरून ठरतं. ही वही दाराजवळच्या टेबलाला सुतळीनं बांधलेली असते. दर महिन्याला नवं पान. त्यावर मी पट्टीनं रकाने आखते: पुस्तक, लेखक, मागणाऱ्याचं नाव, कार्ड नंबर. मध्यंतरी कॉम्प्युटर आला, मोबाइलवर पुस्तकं ऐकायची सोय आली, तरी वही गेली नाही. स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं की पुस्तक येणारच, असं लोकांना वाटतं.

या वहीत सगळ्यांत जास्त लिहिणारे एक काका होते. लासूर स्टेशनच्या बाजारात त्यांनी जन्मभर मापाड्याचं काम केलं, धान्याची पोती मोजली. मुलगा शहरात नोकरीला लागला तेव्हा त्याच्या फ्लॅटवर राहायला आले. बाजारातली एक सवय त्यांनी सोडली नव्हती, ती म्हणजे जांभळी पेन्सिल. जिभेला लावून ओली करायची आणि लिहायचं. लिहिण्याआधी एकदा खाकरायचं. आणि जुन्या माणसांसारखी आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगायचं. वहीत त्यांची मागणी लांबून ओळखू यायची.

रविवारच्या कार्यक्रमाला ते बायकोला घेऊन यायचे. खिडकीजवळच्या दोन खुर्च्या त्यांच्या ठरलेल्या. काकू डोक्यावरून पदर घेऊन, काकांची पिशवी मांडीवर ठेवून बसायच्या. मेंढरांमागं वाढलेली बाई, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, एवढं मला काकांनी सांगितलं होतं. त्या पिशवी सांभाळायला येतात, असं मी धरून चालले होते. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. एकदा त्यांनी नव्या पुस्तकाला हात लावला तेव्हा मात्र बोलले. चहाचे हात लावू नका म्हणाले, आणि तेही सगळ्यांसमोर.

दिवाळीनंतर काकांनी एक जाड कादंबरी मागितली. धरणात बुडालेल्या गावाची गोष्ट होती. वहीत लिहिताना लेखकाच्या आडनावात त्यांचं एक अक्षर चुकलं, ते खोडून त्यांनी पुढं नीट लिहिलं. पुस्तक आलं, रविवारी त्यातलं पान त्यांनीच वाचलं आणि कादंबरी घरी नेली. संक्रांतीच्या आधी काका गेले. तेराव्यानंतर मुलगा पुस्तक परत घेऊन आला, वडिलांचं कार्ड बंद करा म्हणाला. मी केलं. पुस्तकात साधारण मधोमध बसचं तिकीट खुणेला घातलेलं होतं. एरवी अशा खुणा मी काढून फेकते आणि वाचकाला चार शब्द सुनावते. त्या दिवशी कुणाला सुनावणार? तिकीट तसंच ठेवून पुस्तक कपाटात लावलं.

आठ दिवसांनी मागणी वहीत जांभळी अक्षरं दिसली. तीच कादंबरी, तोच लेखक, मागणाऱ्याचं नाव काकांचं, नंबर काकांचा. आधी वाटलं की जुनं पान उघडलंय. पण पान त्या महिन्याचं होतं. मी जुनी नोंद काढून शेजारी धरली. आधी ओढलेली रेघ तशीच. लेखकाच्या आडनावात तेच अक्षर चुकलेलं आणि तसंच खोडलेलं.

एखादा माणूस दुसऱ्याचं अक्षर काढेल, पण चूक कशी काढेल? शिपायाला दाखवलं तर तो वहीपासून दोन पावलं मागं सरकला. म्हणाला, पुस्तक अर्धं राहिलं ना त्यांचं, जीव अडकला असंल. मी त्याला झापलं. कुणीतरी थट्टा करतंय, सापडला की चांगली हजामत करते, असं बजावलं. पण त्या दिवसापासून कादंबरी ज्या कपाटात होती तिकडं पाठ करून बसायचं मी बंद केलं.

पुढच्या रविवारी कार्यक्रमाला नऊ जण आले. काकू अर्थातच नव्हत्या. वर्ष होईपर्यंत घरच्यांनी त्यांना कुठल्या कार्यक्रमाला पाठवलं नसतं. तरी खिडकीजवळ दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि त्यांवर कुणी बसलं नाही. शिपायाला विचारलं तर म्हणाला, हात सवयीनं मांडतो मॅडम. चहाच्या वेळी मी सहज वही उलटली. नव्या महिन्याच्या पानावर पुन्हा तीच मागणी होती. तेच नाव, तेच खोडलेलं अक्षर. बोट फिरवलं तर बोटाला जांभळा रंग लागला. म्हणजे लिहून फार वेळ झाला नव्हता. कुणी लिहिलं म्हणून नऊच्या नऊ जणांना विचारलं, प्रत्येकानं नाही म्हणून मान हलवली. बोट साबणानं दोनदा धुतलं तरी संध्याकाळपर्यंत डाग गेला नाही.

आता खरं सांगायचं तर मी भ्यायले होते. दुपारी दोन ते तीन मी आतल्या खोलीत चटईवर जरा आडवी होते, बावीस वर्षांची सवय आहे. ती झोप गेली. बाहेरच्या खोलीतला पंखा किरकिरला तरी कुणी खाकरल्यासारखं वाटायचं. एक-दोनदा तर खरंच खाकरलेलं ऐकू आलं. उठून बाहेर गेले तर खोली रिकामी, आणि पंख्याखाली वर्तमानपत्राची पानं हलतायत.

चैत्र लागला. एक तारखेला मी वहीत नवं पान आखलं. म्हणजे आखलं असणारच, दर महिन्याला आखते. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पहिल्याच ओळीत जांभळी अक्षरं. या वेळी मात्र पुस्तकाचा रकाना कोरा, लेखकाचा कोरा, नंबर नाही. फक्त मागणाऱ्याच्या नावाखाली एका बाईचं नाव होतं. अक्षर काकांचंच, पण ओळ जरा थरथरलेली. कार्डांचा खण उपसला, कॉम्प्युटरवर शोधलं. त्या नावाचं कुणी आमच्याकडं सभासद नव्हतं. मी ते नाव कधी ऐकलंही नव्हतं.

मग मी ठरवलं, काय व्हायचं ते होऊ दे. नळाला पाणी यायचा दिवस होता. शिपाई दुपारी घरी पाणी भरायला पळाला, वाचनालयात चिटपाखरू नाही. चटई अंथरली आणि चटईवर न पडता कपाटाच्या फटीतून बाहेर बघत उभी राहिले.

दोन वाजून गेले असतील. जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत, काका चढायचे तशी. दार ढकललं गेलं. आधी मला पिशवी दिसली. काकांचीच. मग काकांचा चष्मा दिसला. आणि मग ते खाकरणं, अगदी तसंच. वहीपाशी पाठमोरं वाकून कुणीतरी पेन्सिल जिभेला लावली आणि आधी आडवी रेघ ओढली.

डोक्यावर पदर होता. तो दिसायला मला इतका वेळ का लागला, देव जाणे.

मी बाहेर आले तेव्हा काकू इतक्या दचकल्या की पेन्सिल खाली पडली. त्यांच्या हातात काकांनी घरी लिहिलेली चिठ्ठी होती. त्याच मागणीची, तेच अक्षर खोडलेली. काका एकच मजकूर आधी चिठ्ठीवर लिहायचे आणि इथं येऊन जसाच्या तसा वहीत उतरवायचे, खाडाखोडीसकट. काकूंनी पुन्हा त्या चिठ्ठीवरूनच उतरवला होता. खोडलेलं अक्षरही लिहायचंच असतं असं त्यांना वाटलं होतं.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्या हळूहळू बोलल्या. काकांनीच त्यांना अक्षरं शिकवली होती, या चिठ्ठ्या गिरवायला देऊन. वाचता येतं, जोडाक्षराला अडतं. लिहायला मात्र समोर नमुना लागतो, मनानं लिहिता येत नाही. आधी रेघ ओढायची आणि लिहिण्याआधी खाकरायचं, हेही त्या लिहिण्याबरोबरच शिकल्या. ती कादंबरी दोघं मिळून वाचत होते. रोज चार पानं, जेवणं झाल्यावर. गाव बुडायच्या आधीच काका गेले आणि मुलानं पुस्तक परत करून टाकलं. आईला वाचता येतं हे त्या मुलाला ठाऊकच नव्हतं. देवळात जाते सांगून त्या दुपारच्या इथं यायच्या. त्या रविवारीही देवळाच्या नावाखाली भल्या सकाळी आल्या होत्या, शिपाई दार उघडून खाली चादर वाळत घालत असताना.

"काकांच्या नावानं का लिहिलंत?" मी विचारलं.

"सातबाऱ्यावर कसं, मयताचं नाव लई दिवस राहतं. वारस लागेस्तोवर त्याच नावावर चालतंय. इथंबी तसंच असंल वाटलं."

"मग मला विचारायचं ना."

काकूंनी पदर सारखा केला. "तुमी वरडता," त्या म्हणाल्या.

रागानं नाही, पाऊस पडतो म्हणावं तसं साधं म्हणाल्या. बावीस वर्षांत माझ्या तोंडात कुणी मारली नव्हती, ती त्या दिवशी बसली. एका बाईला पुस्तकाचा शेवट हवा होता, पुस्तक दहा पावलांवर होतं, आणि ती तीन महिने माझ्या झोपेची वाट बघत जिना चढत होती. मी कपाटातून कादंबरी काढून त्यांच्यासमोर ठेवली. तिकीट जागेवर होतं. ते बघून त्या तोंडाला पदर लावून रडल्या, आणि मीही काही कोरडी राहिले नाही.

मग सभासदाचा अर्ज काढला. म्हटलं, आता कुणाच्या नावावर नाही, तुमच्या नावावर कार्ड करू. लिहा नाव.

त्या पेन्सिल धरून बसून राहिल्या. रेघ ओढली आणि थांबल्या. म्हणाल्या, "माझं नाव गिरवायला नव्हतं. ह्यांनी कधी तोंडानं घेतलं नाय माझं नाव, लिवतील कुठून?"

त्यांच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, हे मलाही माहीत होतं. मी लिहून देते म्हटलं, तुम्ही खाली उतरवा. नाव काय?

त्यांनी सांगितलं.

मी हातातलं पेन खाली ठेवलं. वही ओढून चैत्राचं पान उघडलं आणि त्यांच्यासमोर केलं. म्हटलं, हे तुम्ही लिहिलं?

त्यांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं. एकेक अक्षर पुटपुटत वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं. "म्या दोनदाच लिवलं, आज नुसती रेघ वढली, वरचं वाचलं नाय. हे माझं नाय."

शिपायाचं म्हणणं, मी दिवाळीच्या सुट्टीआधी पुढची चार-पाच पानं एकदमच आखली असतील, आणि कादंबरी मागायला आले तेव्हाच काकांनी पुढचं पान उलटून बायकोच्या कार्डाचं लिहून ठेवलं असेल. असेलही. मी कधीकधी आखते तशी पानं. त्या वर्षी आखली होती का, ते मला काही केल्या आठवत नाही. आणि त्या एक तारखेला मी हातात पट्टी घेतली तेव्हा पान कोरं होतं असं मला आठवतं, पण शपथेवर सांगणार नाही.

काकूंनी त्या नावावरून बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, सावकाश. बोट जांभळं झालं. नुकतेच डोळे पुसले होते, बोट ओलं असेल. मग वही अर्जाशेजारी नीट ठेवून घेतली, एकदा खाकरल्या, आणि बघून बघून त्या रेघेखाली स्वतःचं नाव लिहिलं.