मोटारी चालू झाल्यावर

पलूसला आमच्या शेजारी एक वायरमन एकटाच राहायचा. काहीही विचारलं की आधी दिव्याकडे बघायचा आणि मग उत्तर द्यायचा. मला त्याचा राग यायचा. लष्करात असताना त्याला एका विलायती रॉक गायकाचं वेड लागलं होतं, ते त्यानं आम्हा कॉलेजच्या तिघांना लावलं. गावात रेकॉर्ड प्लेअर त्याच्याकडेच होता.

गायकाची नवी एलपी आली, त्या संध्याकाळी आम्ही त्याच्याकडे जमलो. उसाला पाणी सोडलेलं, सगळ्या मोटारी चालू, दिवा तांबडा पडलेला. गायकाचा आवाज जड, पाय ओढत आल्यासारखा.

"गडी पार खचला रं," म्हणत वायरमननं डोळे पुसले.

पुढं सांगलीत मित्राच्या खोलीवर मी तीच एलपी ऐकली. गायक चक्क हसत गात होता. व्होल्टेज पडल्यामुळं आमच्याकडे ती हळू फिरली होती!

मी तडक गावी येऊन वायरमनला सांगितलं. त्यानं दिव्याकडे पाहिलं. दिवा लख्ख होता. एलपी प्लेअरवर तयार होती, पण त्यानं सुई टेकवली नव्हती.

"ठावं हाय मला. मी वायरमन न्हवं का?" तो म्हणाला. "हसणाऱ्याला घिऊन काय करू? बस जरा. मोटारी चालू हुंदेत."