माझ्या ट्रेनिंगचा कौल

मी देवळाच्या गडग्याबाहेर, दगडी कुंपणापल्याड उभा होतो. अंगात धुतलेला सदरा, खिशाला पेन, पदरात बी. ए.ची पदवी. आत शाळेची कमिटी बसली होती आणि मला ट्रेनिंगला कोल्हापूरला धाडायचं की नाही, हे दगडाच्या देवाला विचारत होती.

थट्टा करत नाही. आमच्याकडे जत्रेचा दिवस कौल लावून ठरतो. पालखी कधी काढायची, शिकारीला कधी जायचं, कोणाच्या म्हशीला कोणाची बाधा झाली, सगळं कौलावर. गुरव देवाच्या छातीवर दोन बाजूंना भिजवलेल्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही. आता देवळाचे पहिले मानकरी तेच शाळेचे अध्यक्ष. गाव त्यांना दाजी म्हणतं. पण शाळेची घंटा घेतली तेव्हा दाजींनी कौल लावला नव्हता. मागल्या साली स्वतःच्या भाच्याला ट्रेनिंगला धाडलं, तेव्हाही नाही. माझी पाळी आली आणि देव आठवला.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. गडग्याबाहेर ऐकू यावं असं मोठ्याने.

"बा देवा म्हाराजा, ह्यो आमच्या म्हारवाड्यातलो पोर शिकलो. शाळेत मास्तर झालो. आता पक्को मास्तर होवक कोल्हापुराक जातंय म्हणता. तर तेका धाडूचो काय रे म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. गुरवाने काहीही म्हटलं तरी मागून हेच म्हणायचं असतं. रीत आहे.

पाकळी पडली.

"उजवी," गुरव म्हणाला.

मग दाजींचा आवाज. "पाकळी सुकी होती रे तुझी. परत लाव."

परत लावली. परत उजवी.

"देव पण बौद्ध झालो की काय?" कोणीतरी म्हणालं. हशा झाला. दाजी हसले नाहीत.

"गुरवा, तू विचारतंस ताच चुकता. असा विचार. देवाचो ढोल बंद ठेवणाऱ्या घरातलो पोर शाळेन धाडलेलो देवाक चलात काय?"

"डावी," गुरव म्हणाला. सगळ्यांनी श्वास सोडला, तो मला बाहेर ऐकू आला.

दाजी पायरीवर आले. मधे गडगा. ते तिकडे, मी इकडे.

"मास्तर, देव तुका नाय म्हणाक नाय. तेचो ढोल तेवढो गप आसा. बापाशीक जत्रेक धाड. मगे तू कोल्हापुराक जा, नायतर विलायतेक जा."

ढोल आमच्या घरचा. जत्रेत पालखीपुढे वाजवायचा. ह्याला ते मान म्हणत. पालखीला शिवायचं नाही, पायरी चढायची नाही, वरून टाकलेला नारळाचा तुकडा हवेत झेलायचा, असा मान. आमच्या वाडीने दीक्षा घेतली त्या साली आबांनी, म्हणजे माझ्या बापाने, ढोल माळ्यावर टाकला. गावाने आम्हाला वाळीत टाकलं. दुकानदाराने मीठ बंद केलं. होडीवाला आम्हाला खाडी उतरवेना. आबा वळसा घालून पायी आचऱ्याच्या बाजाराला जाऊ लागले. पण माळ्यावरचा ढोल त्यांनी खाली काढला नाही.

मी तेव्हा मुंबईत शिकत होतो. पदवी घेऊन आलो तर शाळेला पदवीधर हवा होता. त्यावाचून सरकारी ग्रँट अडली होती, आणि आमच्या खाडीपल्याड कोणी पदवीधर येऊन राहत नव्हता. म्हणून मला घेतला. अडले म्हणून घेतला.

आठवीला इंग्रजी शिकवायचो. बरं शिकवायचो. पण नुसता बी. ए. म्हणजे कच्चा मास्तर. ट्रेनिंगचं वर्ष पदरी पडल्याशिवाय सरकार त्याला शिक्षक मानत नाही. त्याला एप्रिलात काढायचा, जूनमध्ये मनात आलं तर पुन्हा बोलवायचा. कोल्हापूरच्या ट्रेनिंग कॉलेजात शाळांनी धाडलेल्यांना आधी जागा. कौलाच्या आधी मी आपला आपण जाऊन बघितलं होतं.

"कोणत्या शाळेकडून आलात?"

"कोणत्याच नाही."

"मग थांबा."

थांबलो. जागा भरल्या. परत आलो. म्हणून शाळेने धाडणं हाच एक दरवाजा होता, आणि त्या दरवाजावर दाजी बसले होते.

गडग्यापासून घरी आलो तर अंगणात आबा. पुढ्यात पेंढ्याचा जाळ. जाळावर ढोलाचं चामडं शेकत होते. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"ह्या काय?" मी विचारलं.

"सादाळला चामडा. आवाज बसलो तेचो."

"आबा, आपण बौद्ध झालंव."

"मी आसंयच बौद्ध. ढोल वाजवतलो तो तुझो बापूस."

आई दारातून म्हणाली, "एका जत्रेचा काय ता. तू पक्को झालंस काय मगे हे काय करतले तुका?"

मी तिला सांगितलं, हे एका जत्रेचं नाही. ट्रेनिंग संपवून मी याच शाळेत येणार. कायम करायचं दाजींच्या हातात, काढायचं दाजींच्या हातात. मी मास्तर असेपर्यंत दर जत्रेला आबांनी ढोल घेऊन उभं राहायचं. आणि आबांमागे मी.

आबा चामड्यावर बोटं मारून आवाज बघत होते. म्हणाले, "तुका खंय वाजवूक येता?" आणि हसले. मीही हसलो. आईने तोंड फिरवलं.

त्या जाळासमोर मला कळलं. ढोल वाजवायला शेजारच्या गावातून कोणीही मिळाला असता. त्यांना ढोल नको होता. मीठ बंद करून जो माणूस वाकला नाही, तो त्यांना वाकलेला हवा होता. आणि त्याला वाकवायचं हत्यार कोण? मी. माझी पदवी. आबांनी मला शिकवलं, त्याच शिकण्याची दोरी करून त्यांच्या गळ्यात टाकली होती. आता ज्याला हे दिसत नाही त्याने खुशाल म्हणावं की शिक्षणाने सगळं बदलतं.

जत्रेच्या दिवशी मी आबांना अडवलं. ऐकलं नाही. ढोल खांद्याला लावून निघाले. मी मागून गेलो.

दिवेलागणीला पालखी बाहेर आली. दशावतारी मंडळी रंग लावून बसली होती, खाजेवाल्यांची दुकानं लागली होती, माझे आठवीचे विद्यार्थी पुढे बसले होते. गडग्याबाहेर आबा. साठीचा माणूस. ढोलाचा पट्टा खांद्यात रुतलेला. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, चुकला माकला लेकरू आज पायाशी इला. तुझो ढोल परत इलो. तर ह्या सगळा पयल्यासारख्याच चलान दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळे म्हणाले. माझे विद्यार्थी म्हणाले. माझ्या शेजारी आबांचे ओठ हलले.

"नाय म्हाराजा," मी म्हणालो.

मोठ्याने म्हणालो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो त्या आवाजात. गाऱ्हाण्यात असं कोणी म्हणत नाही. म्हणायची सोयच नाही. गुरव पुढचं विसरला. मी आबांच्या खांद्यावरून पट्टा काढला आणि ढोल जमिनीवर ठेवला.

मग मार पडला. कोणी कोणी मारलं ते सांगत बसत नाही. त्यांची मुलं मी शिकवत होतो. ढोल पायांखाली फुटला. मुलं बघत होती. एकही रडलं नाही, एकही मधे पडलं नाही. इंग्रजी शिकली होती माझ्याकडून. तेवढंच शिकली होती.

आबांनी मला घरी आणलं. हळद लावली. आणि म्हणाले, "माझो कमीपणा एका रातीचो होतो रे. तू तुझो जल्म घालवलंस." त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी त्यांच्यासाठी उभा राहिलो, हे त्यांना पटलेलं नाही. मला वाटतं, कधीच पटणार नाही.

शाळेत गेलो तर दाजी खुर्चीवर. आज मालवणी नव्हती. आमच्याकडे अपमान मालवणीत करतात आणि नोकरीवरून शुद्ध मराठीत काढतात.

"आपण अप्रशिक्षित असल्यामुळे संस्थेस आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही."

रत्नागिरीला शिक्षणखात्यात गेलो. साहेब भला माणूस होता. बसायला सांगितलं, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. कौल, ढोल, मार. मग म्हणाला, "पण त्यांनी कारण अप्रशिक्षित असं दिलंय. आणि आपण अप्रशिक्षित आहात ना?"

"आहे."

"मग नियमात बसतं."

बघा. ट्रेनिंगला धाडायचं नाही आणि ट्रेनिंग नाही म्हणून काढायचं. दाजींचा देव परवडला. तो निदान दोनदा उजवा पडला होता. साहेबाचा नियम पहिल्याच खेपेला डावा.

सध्या रेडी बंदरावर आहे. लोखंडाची माती होड्यांत भरतात, तिथे पाट्या वाहतो. बरोबरचे मला मास्तर म्हणतात. थोडं चेष्टेने, थोडं खरं. संध्याकाळी या सगळ्याची पत्रकं लिहितो आणि बाजाराच्या दिवशी वाटतो. लोक घेतात आणि त्यात बांगडे बांधून नेतात. शाळेत माझ्या जागी दुसरा आला आहे. अप्रशिक्षितच आहे. त्याच्यासाठी कौल लावला नाही.

आमच्यातली शहाणी माणसं सांगतात, मालवणला आपल्या मुलांचं वसतिगृह निघतंय, तिथे शिकव. तिथे ट्रेनिंग कोण विचारतंय? शिकवीन. आमची मुलं शिकायला हवीतच. पण आमचा मास्तर आमच्यापुरता, हीच तर गावाची इच्छा आहे. ती मी पुरी करणार नाही. मला गावाच्याच शाळेत यायचं आहे. ट्रेनिंग घेऊन, कायदा घेऊन, कोणाच्या बापाला काढता येणार नाही असा.

येत्या जूनला पुन्हा कोल्हापूरला जाणार. घेणार नाहीत, ते मला माहीत आहे. त्यापुढच्या जूनलाही जाणार. तेव्हाही बहुतेक दारातच उभं राहायचं आहे. राहीन.

दाजींचा नातू यंदा बिगरीत बसला आहे. तो आठवीत यायला अजून बराच काळ आहे. त्याला इंग्रजी मी शिकवणार.