काणीचा पुरावा

निजामी अमलात मी मंठ्याच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहीत असे. दर बाजारी एक शेतकरी गृहस्थ माझ्या सतरंजीवर हक्काने येऊन बसत. ते आधी मनसोक्त हसत आणि मग हसण्याचे कारण सांगत.

त्या साली ज्वारीवर काणी पडून कणसांत दाण्याऐवजी काळी भुकटी भरली. रोगट कणसे पिकांची पाहणी करणाऱ्या गिरदावरांना दाखवून जाळणाऱ्यास सरकारी मदत मिळणार होती. या गृहस्थांनी मात्र रोग पसरण्याच्या धास्तीने वाट न पाहता बाजाराच्या आदल्या दिवशीच घरादाराला घेऊन ती तोडून जाळून टाकली. पुढच्या बियाण्याची सारी भिस्त तर त्या मदतीवरच होती.

"आता राखेवर काय अर्ज लिहू?" मी विचारले.

ते हसले. "लिहू नका, मुन्शीजी. उद्या दाखवतोच."

दुसऱ्या दिवशी ते सहकुटुंब कचेरीत हजर झाले. सारेच काणीच्या भुकटीने नखशिखान्त काळे, दात तेवढे पांढरे.

"साहेब, कणसं जळाली, पर आमी न्हाई जळालो. बराबर बघून घ्या!"

गिरदावरसाहेब प्रथम दचकले, मग पोट धरून हसले आणि त्यांनी मदत मंजूर केली.

शेतकऱ्याच्या कारभारणीने पदर सावरत मला विचारले, "मंजूर झालं न्हवं, मुन्शीजी? मंग सांगा यान्ला, परवापासून अंगाला पाणी लागू देऊन न्हाई राह्यले!"