मरणाखालचं आडनाव

"मावशीला या भागात मारून टाक. तुझा हात बसलाय आता."

सर सगळ्यांसमोर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

गंगापूर रोडवर आमचं ऑफिस. मोबाइलवर ऐकायच्या कथा आम्ही बनवतो. सध्याची मालिका अशी: नाशिकची हवा विषारी झालीय, द्वारका चौकातल्या एका तळघरात सहा माणसं अडकलीत. बिल्डर, डॉक्टर, प्राध्यापक. आणि वेल्डर सलीम, गटार साफ करणारा रघू, भांडीवाली मावशी. सलीम शटर उघडताना मेला. रघू गटारात उतरून मेला. कोण मरणार ते सर ठरवायचे. लिहायचे मी.

ऐकणारे भडकले. मेसेज मला आले. "तूच मारलंस त्यांना." "कुठे राहतेस ते माहीत आहे." तेव्हापासून द्वारकेच्या सिग्नलला गाडी थांबली की मी आरशात मागचं बघते. तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट. तरी वाटतं, मागचा आपल्यालाच बघतोय. आईला यातलं काही सांगितलं नाही. ती लोकांकडे भांडी घासते, घासताना मालिका ऐकते. घरी आली की पहिला प्रश्न, "मावशी हाय ना गं जित्ती?"

काल सर तसं म्हणाल्यावर धीर करून विचारलं, "सर, बाहेर पाणी आणायला मावशीऐवजी बिल्डर का नाही जात?"

"लोक त्याच्याशी रिलेट करतात. आणि हे बघ, खाली तुझं आडनाव असलं की आमच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. आपल्याच माणसांना तू कशाला मारशील?"

सहज बोलले. चहा पीत.

तेव्हा कळलं. एरवीच्या भागांना शेवटी सरांचं नाव. माझं नाव फक्त मरणाच्या भागांना. पूर्ण. आडनावासकट. मी मूर्ख, मला तो मान वाटला होता. सलीमच्या भागात माझं नाव ऐकून आईनं कॉलनीत पेढे वाटले होते.

ही नोकरी गेली तर मला कोण उभं करणार? तरी बोलले.

"मावशीला मी मारणार नाही. मारायचीच असेल तर तुम्ही लिहा. खाली तुमचं आडनाव लावा."

कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "अगं, खोटी बाई आहे ती."

"मग खोटा बिल्डर मारा."

"उद्या विचार करून ये."

आज आलेय. ऑफिसचा जिना चढतेय. सरांची भीती वाटते, मेसेजवाल्यांची वाटते, घरी परत जाऊन आईला काय सांगू याचीही वाटते. पण भाग लिहून आणलाय. पाण्याला बिल्डर जातो. तो मेला तर मीच मारला, विचारेल त्याला सांगेन. त्याच्या मरणाखाली लागू दे माझं आडनाव. मावशीच्या मरणाखाली लागणार नाही.